वांगणीचे दरोडेखोर आणि आपला अकरा मिनिटांचा पिक्चर

बदलापूर सोडले की कर्जतकडे जाणाऱ्या लोकलचे पुढचे स्टेशन वांगणी. आपल्यातले कितीतरी जण गाडीत डोळा लागल्यामुळे तिथे एकदा तरी उतरले आहेत आणि परतीच्या गाडीची वाट बघत बाकड्यावर बसले आहेत. त्याच स्टेशनावर एकशे दहा वर्षांपूर्वी एक चमत्कारिक मंडळी उतरली होती. सोबत पेट्या, दागिने, राजाचे पोशाख, ढाली आणि चंदेरी तलवारी. म्होरक्या मागाहून येणार होता. त्याची वाट पाहण्याऐवजी मंडळी सामानसुमानासह गावात शिरली. गावकऱ्यांनी तलवारी पाहिल्या आणि दरोडेखोर आले असे समजून पाटलाकडे धाव घेतली. पाटलाने फौजदाराला कळवले आणि राजा हरिश्चंद्रासह सगळा दरबार अडकवला गेला.

म्होरक्या म्हणजे धुंडिराज गोविंद फाळके. ते पोहोचले, त्यांनी परोपरीने समजावले, पण चित्रपट म्हणजे काय हेच ज्यांना ठाऊक नाही त्यांना समजावणार तरी कसे? शेवटी त्यांनी कॅमेरा उभा केला, आत फिल्म न भरताच हँडल फिरवले आणि फौजदारासमोर चित्रीकरणाचे नाटक करून दाखवले. तेव्हा कुठे मंडळी सुटली. आपल्या देशातल्या पहिल्या कथापटाचे बाहेरचे चित्रीकरण असे आपल्या अंगणात झाले, आणि तेही एका विनोदी प्रसंगाने सुरू झाले.

ही हकिकत मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मोठ्याने हसलो आणि मग एकदम थांबलो. कारण मे १९९९ मध्ये आपणही असेच पकडले गेलो होतो. स्मरणिकेच्या संपादक मंडळाने 'आपल्या पिक्चरचा इतिहास लिहून दे' म्हटल्यावर मी आधी आठवणीतले विनोद लिहायला बसलो. दोन पानांत ते संपले. मग एक वही माझ्या हाती आली आणि लक्षात आले की इतिहास आहे तो विनोदांमागच्या तयारीचा, आणि तो मी कधी नीट पाहिलेलाच नव्हता.

आधी फाळक्यांच्या तयारीविषयी थोडेसे. १९१२ च्या एप्रिलमध्ये ते इंग्लंडहून परतले. विल्यमसन कंपनीचा कॅमेरा आणि फिल्मला भोके पाडण्याचे यंत्र पाठोपाठ आले. पण पैसे कोण देणार? त्यांनी कुंडीत वाटाणा लावला आणि महिनाभराहून अधिक काळ एका जागी कॅमेरा ठेवून रोज त्याचे चित्र घेतले. पडद्यावर मिनिटभरात वाटाण्याचा वेल झाला. 'अंकुराची वाढ' या इवल्याशा पटाने भांडवल देणाऱ्यांचा विश्वास मिळवून दिला. तरीही पत्नी सरस्वतीबाईंचे दागिने गहाण पडलेच. स्त्रीभूमिकेसाठी बाई मिळेना, तेव्हा ग्रँट रोडच्या एका उपाहारगृहात दहा रुपये पगारावर काम करणारे अण्णा साळुंके पंधरा रुपयांवर तारामती झाले. स्त्रीभूमिकेतल्या पुरुषांनी साड्या नेसून घरात वावरायचे, तांदूळ निवडायचे, म्हणजे चालणे-बोलणे अंगात मुरेल, असा फाळक्यांचा दंडक होता. सिनेमात काम करतो म्हटले की लोक नाके मुरडत, म्हणून नटांनी बाहेर सांगायचे की आम्ही हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत नोकरीला आहोत. परेश मोकाशी यांच्या २००९ च्या चित्रपटाचे नाव इथूनच आले आहे.

आणि या फॅक्टरीत सरस्वतीबाई काय करत होत्या? साऱ्या मंडळींचा स्वयंपाक. कपडे धुणे. रात्री अंधारात फिल्मला भोके पाडणे. फिल्म धुण्यात मदत. उन्हात तासन्‌तास पांढरी चादर धरून उभे राहणे, म्हणजे नटांच्या तोंडावर उजेड पडेल. फाळक्यांनी त्यांनाच तारामती व्हायला सुचवले होते, पण हातातली कामेच इतकी होती की त्यांनी नकार दिला, असे सांगतात. 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये लागला. त्याच्या खेळाला जोडून नाच, पायांनी कसरत करणारा कलावंत आणि हसवणारी छोटी चित्रेही होती. त्या काळी मोठ्या पटाला अशी विनोदाची जोड लागतच असे. पुढे फाळक्यांनी 'मोहिनी भस्मासुर'ला जोडून 'पिठाचे पंजे' नावाचा स्वतःचाच छोटा विनोदी पट दाखवला. म्हणजे मराठी माणसाने केलेल्या छोट्या विनोदी चित्रपटाला शंभराहून जास्त वर्षे झाली. आपण त्या परंपरेत अगदी शेवटच्या बाकावर बसलो, एवढेच.

आता १९९९. दहावीची परीक्षा झाली होती, निकाल यायचा होता. आयुष्यात इतका रिकामा महिना पुन्हा आला नाही. पिक्चर काढायचा हे माझ्या डोक्यात आले, म्हणून दिग्दर्शक मी. गोष्टही मीच सांगितली. चाळीतले एक आजोबा शेजाऱ्यांना सांगत सुटतात की नातवाने अमेरिकेहून पँट पाठवली. पँटवर 'यू.एस.ए.' असे लेबलही आहे. मग कळते की हे यू.एस.ए. आपल्या शेजारचे, म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन. हा विनोद आपल्याकडे प्रत्येकाने लहानपणी ऐकलेला. शेवटी भर चाळीत पँट टर्रकन फाटते आणि आजोबांची फजिती होते. पिक्चरचे नाव 'यू.एस.ए.ची पँट'. माझ्या मते पिक्चर तयार होता, फक्त काढायचा बाकी होता.

"कॅमेरा कुणाचा?" हा प्रश्न तिने विचारला. आपल्या वर्गातली दुसऱ्या बाकावरची ती. तिच्याकडे शंभर पानी वही होती आणि पहिल्या पानावर तिने हाच प्रश्न लिहून त्यापुढे जागा सोडली होती.

कॅमेरा लग्नांचे शूटिंग करणाऱ्या एका दुकानदाराकडे होता. मे महिना म्हणजे लग्नसराई, तो कशाला देईल? तिने भिंतीवरचे कालनिर्णय खाली उतरवले आणि बोट ठेवले. त्या वर्षी १६ मेपासून १३ जूनपर्यंत अधिक ज्येष्ठ होता. अधिक महिन्यात लग्ने नाहीत, म्हणजे कॅमेरा महिनाभर कपाटात. दुकानदार तयार झाला. भाडे नको, पण अधिक सरल्यावर आपल्यातल्या दोघांनी त्याच्या लग्नांत लाइट धरायचे. वहीत त्या दोघांची नावे आणि पुढे त्यांच्या सह्या आहेत. सह्या घेतल्या नसत्या तर ते दोघे जूनमध्ये सापडलेच नसते, हे त्यांनाही मान्य आहे.

मग दुसरी अडचण. १४ मेपासून इंग्लंडमध्ये विश्वचषक सुरू झाला होता आणि सामने आपल्याकडे दुपारी दिसत. तिने १९, २३, २६ आणि २९ मे या तारखांवर फुल्या मारल्या. १९ तारखेला झिम्बाब्वेकडून आपण तीन धावांनी हरलो. वडील गेल्यामुळे सचिन घरी परतला होता. २० तारखेला सकाळी आठला आपला सगळ्यात विनोदी सीन होता आणि अकरा पोरे सुतकी चेहऱ्याने उभी होती. मी ओरडलो, विनवले, कुणी हसेना. तिने वही उघडली आणि म्हणाली, "मग आज आजोबांची फजिती झाल्यानंतरचा सीन घेऊ. तोंडं तशीच पाहिजेत." तो सीन पहिल्याच टेकला ओके झाला. २३ तारखेला सचिनने केनियाविरुद्ध शतक ठोकले आणि २४ ला आपण हसण्याचे सगळे सीन उरकून टाकले. विनोदी पिक्चर काढताना कुठल्या दिवशी कोण हसू शकेल याचाही हिशेब ठेवावा लागतो, हे मला त्या आठवड्यात कळले.

आजीचे काम करायला कुणाच्या घरून परवानगी मिळेना. मी तिलाच विचारले. ती म्हणाली, "मी आजी झाले तर बाकीचं कोण बघणार?" अखेर आपल्या कबड्डी संघाचा कप्तान नऊवारी नेसला. सरस्वतीबाई आणि अण्णा साळुंके यांच्याविषयी मी वाचले ते नंतर बऱ्याच वर्षांनी.

पँटसाठी आपण उल्हासनगरला गेलो. गजानन मार्केटच्या परिसरात आपल्याच वर्गातल्या एका मित्राच्या वडिलांचे कपड्यांचे छोटे दुकान होते. त्यांनी पँट दिली, दुकानात शूटिंगला परवानगी दिली आणि मग गोष्ट विचारली. मी मोठ्या उत्साहाने सांगितली. पँट फाटते तिथे ते हसले नाहीत. आपल्याला भूगोलात उल्हासनगर म्हणजे 'औद्योगिक शहर' एवढेच होते. त्यांनी पाच मिनिटांत इतिहास सांगितला. लढाईच्या काळात लष्करासाठी बांधलेल्या बराकी. फाळणीनंतर सिंध सोडून आलेली माणसे त्यांत आणून उतरवली गेली. नाव कल्याण कॅम्प. पुढे ऑगस्ट १९४९ मध्ये गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसली आणि उल्हास नदीवरून उल्हासनगर हे नाव पडले. त्यांचे वडील बराकीतल्या एका खोलीत, मध्ये गोणपाटाचा पडदा लावून राहिले आणि उधारीवर घेतलेल्या शिवणयंत्रावर बसले. "बेटा, लेबलवर हसा," ते म्हणाले, "आम्हीपण हसतो. शिलाईवर हसू नका."

परतताना गाडीत कुणी बोलले नाही. आपला तो मित्र खिडकीबाहेर बघत होता. त्याने आपल्याला आधी का सांगितले नाही, असे मी विचारणार होतो. मग लक्षात आले की आपण त्याला विचारलेच नव्हते. त्या रात्री तिने शेवटचा सीन खोडला आणि मला म्हणाली, नवीन आण. नव्या शेवटात पँट फाटत नाही. खरोखर अमेरिकेहून आलेले शेजारी ती पँट हातात घेऊन उलटसुलट बघतात आणि आजोबांना कोपऱ्यात नेऊन हळूच दुकानाचा पत्ता विचारतात. पिक्चरमधला सगळ्यात मोठा हशा यालाच मिळाला. मित्राच्या वडिलांचे नाव आपण टायटलमध्ये 'विशेष आभार' म्हणून घातले.

आता पकडले जाण्याची हकिकत. नातवाचे सामान अमेरिकेहून येते, हा सीन आपल्या तीन स्टेशनांपैकी एका स्टेशनच्या फलाटावर घ्यायचा होता. परवानगी काढायची असते हे मला ठाऊक नव्हते. तिने वहीत 'परवानगी?' असे लिहिले होते, मी 'कशाला' म्हणालो होतो. पत्र्याची मोठी ट्रंक, वर रंगाने 'यू.एस.ए.', फलाटाच्या मधोमध एकटी ठेवली. कॅमेरा लांब, पुलाच्या जिन्यावर. बेवारस वस्तूंना हात लावू नका, ही सूचना १९९३ नंतर आपण सगळे रोज ऐकत होतो. तरी हे डोक्यात आले नाही. दोन मिनिटांत ट्रंकेभोवती मोठे रिकामे रिंगण झाले आणि एक पोलीस धावत आला. नऊवारीतला कबड्डीचा कप्तान खाली उतरून "आमची आहे, आमची आहे" म्हणून ओरडू लागला तेव्हा गोंधळ आणखी वाढला.

पुढे झाली तिने ट्रंक उघडली. आत रद्दी. मग तिने पोलिसाच्या हातात वही दिली. सीन नंबर सात: फलाट, ट्रंक, आजी. तो उभ्या उभ्या वाचू लागला. तीन पाने वाचून झाल्यावर त्याच्या मिशीखाली काहीतरी हलले. म्हणाला, "पुढं काय होतं?" आपला पहिला प्रेक्षक तो. फाळक्यांनी रिकामा कॅमेरा फिरवून फौजदाराला पटवले, आपल्याला वहीने सोडवले. अर्थात पोलिसाने रीतसर झापले, आणि झापले ते योग्यच होते. सीन नंतर रिक्षा स्टँडवर घेतला.

त्यानंतर मी वहीचे ऐकू लागलो. अंबरनाथच्या शिवमंदिराजवळ आजोबा फिरायला जातात असा सीन होता. शके ९८२ म्हणजे इसवी सन १०६० चा शिलालेख असलेले हे शिलाहारांच्या काळचे देऊळ. स्मारक पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहे आणि आत स्टँड लावून शूटिंग करायचे तर आधी परवानगी लागते. ती पंधरा दिवसांत मिळणार नाही हे तिने आधीच विचारून ठेवले होते. म्हणून आपण बाहेर, वालधुनीच्या बाजूच्या रस्त्यावर कॅमेरा लावला.

तिथेच २५ तारखेला आजोबा पडले. कठड्यावरून उडी मारताना गुडघा फुटला, रक्त आले. तिच्या पिशवीत पट्टी आणि मलम होते. वहीत पहिल्या आठवड्याच्या खर्चात ते नोंदलेले आहे, म्हणजे कुणी पडायच्या आधीच घेतलेले. पण आजोबा लंगडू लागले आणि अर्धा पिक्चर न लंगडता झालेला होता. वांगणीला फाळक्यांचा मुलगा भालचंद्र असाच खेळताना खडकावर पडला आणि त्याची शुद्ध हरपली. तो रोहिदासाचे काम करत होता आणि पुढचा सीन रोहिदासाच्या मृत्यूचा होता. फाळक्यांनी उपचार केले आणि तशाच बेशुद्ध मुलावर तो सीन घेतला. तो निर्णय घेताना बापाच्या मनात काय झाले असेल, याचा विचार मी आज स्वतः बाप झाल्यावर करतो. आपले दुखणे त्यापुढे काहीच नव्हते. तिने सीनचा क्रम बदलला. आजोबा नवी पँट मिरवत ऐटीत जिना उतरतात आणि पाय घसरून पडतात, असा अर्ध्या मिनिटाचा सीन मध्ये टाकला. त्याआधीचे चालणे सरळ, त्यानंतरचे लंगडे. प्रेक्षकांना वाटले की आम्ही ठरवून केले.

जूनच्या पहिल्या आठवड्यात दुकानदाराच्या लग्नाच्या मिक्सरवर पिक्चर जोडला. त्या यंत्रात होती तेवढीच कलाकुसर, त्यामुळे आपले टायटल उमलत्या गुलाबातून आले आणि दिग्दर्शक म्हणून माझे नाव बदामाच्या आकारात. ११ जूनला, बाहेर मृगाचा पाऊस कोसळत असताना, शाळेच्या हॉलमध्ये एकवीस इंची टीव्हीवर अकरा मिनिटे खेळ झाला. सर आणि बाई पहिल्या रांगेत होते. चित्रकलेचे सर डोळे पुसत हसल्याचे सगळ्यांना आठवते.

टायटलमध्ये एकोणीस नावे होती. दिग्दर्शक, लेखक, कॅमेरा, आजोबा, आजी, दोन लाइटवाले, ट्रंक देणारे काका, विशेष आभार. तिचे नव्हते. मुद्दाम गाळले असे नाही. तिच्या कामाला काय म्हणायचे हे मला ठाऊक नव्हते, म्हणून ते राहिले. आणखी एक गोष्ट मला गेल्या दिवाळीपर्यंत ठाऊक नव्हती. त्या दिवशी टीव्हीचा प्लग सैल होता. हलला की चित्र जायचे. म्हणून पूर्ण अकरा मिनिटे ती टीव्हीमागे जमिनीवर बसून प्लग दाबून होती. तिने हशा सगळा ऐकला. पिक्चर पाहिला नाही.

नंतर कधीतरी बघू, असे तेव्हा वाटले असणार. कॅसेट एकच होती, बदलापुरात एका मित्राच्या तळमजल्यावरच्या घरी. २६ जुलै २००५ ला उल्हास नदी घरात शिरली. लोकांचे संसार वाहून गेले, तिथे कॅसेटचे काय? चार दिवसांनी ती चिखलात सापडली, उपयोगाची राहिली नव्हती. 'राजा हरिश्चंद्र'च्याही चार रिळांपैकी पहिले आणि शेवटचे एवढीच आज उरली आहेत. आपले तेवढेही नाही.

उरली आहे ती वही. गेल्या दिवाळीत स्नेहसंमेलनाच्या पहिल्या बैठकीला तिने ती आणली. सीनची यादी, तारखांवरच्या फुल्या, सह्या, खोडलेला शेवट, सगळे आहे. ती चाळताना मला कळले की तो पिक्चर मी काढला असे जे मी पंचवीस वर्षे सांगत आलो, ते फार तर अर्धे खरे आहे. मी म्हणालो, "लेखात तुझं नाव मोठ्या अक्षरात घालतो." ती म्हणाली, "घालायचं तर सगळ्यांची घाल, नाहीतर कुणाचंच नको. तेव्हा एकाचं राहिलं होतं, आता बाकीच्यांची राहू देत." म्हणून या लेखात आपल्यापैकी कुणाचेच नाव नाही. ज्यांना ओळखायचे त्यांनी ओळखले असेल.

संमेलनात वहीची झेरॉक्स प्रत सर्वांना बघायला ठेवणार आहोत. आणि एक ठरले आहे, त्या दिवशी सीन नंबर एक ते चौदा आपण स्टेजवर पुन्हा करायचे, आहेत त्या पोटांसह आणि टकलांसह. आजोबांना आता पावडर लावायची गरज नाही. फक्त ती या वेळी पहिल्या रांगेत बसेल आणि काहीही धरून ठेवणार नाही.

वहीच्या शेवटच्या पानावर हिशेब आहे. जमा: तेवीस जणांचे प्रत्येकी २० प्रमाणे ४६० रुपये. खर्च: दोन कॅसेट २२०, रिक्षा ६४, वडापाव १३८, पावडर १८, पट्टी व मलम १२, एकूण ४५२. शिल्लक ८ रुपये. त्याखाली तिच्या अक्षरात लिहिले आहे: 'सर्वांना विचारून काय करायचे ते ठरवणे.' मंडळी, ते अजून ठरलेले नाही. संमेलनाला या, म्हणजे ठरवून टाकू.